आयसीआरसी लस

आयसीआरसी लस ही कुष्ठरोगावरील प्रतिबंधक लस असून ती १९७९ मध्ये मुंबईतील कर्करोग संशोधन संस्थेत विकसित झाली. ही संस्था आता नवी मुंबईतील खारघर येथे ‘ॲक्ट्रेक’ या नावाने कार्यरत आहे. ‘इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर’ या तिच्या मूळ नावाच्या आद्याक्षरांवरून लशीचे नाव पडले.

जीवाणू

१९५८ मध्ये सी. व्ही. बापट, कमल रणदिवे आणि व. रा. खानोलकर यांनी लेप्रोमॅटस कुष्ठरोगाच्या रुग्णापासून मिळालेला एक जीवाणू प्रयोगशाळेत वाढवला. कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. त्यामुळे हा तोच जंतू असावा का, हा प्रश्न साहजिकच वादाचा ठरला. पुढे त्याची गणना मायकोबॅक्टेरियम एव्हियम-इंट्रासेल्युलेर गटात झाली. पशुवैद्यकाला हा गट जुना परिचयाचा आहे. एव्हियम हा पक्ष्यांना क्षयरोग करणारा जंतू आहे, तर त्याच्याच एका उपजातीमुळे गुरांना आतड्यांचा जोन्स रोग होतो.

तत्त्व

एका जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती त्याच्या सजातीय जंतूविरुद्धही उपयोगी पडू शकते. पशुवैद्य कॅमिल गेरिन यांनी अल्बेर काल्मेत यांच्यासह गुरांच्या क्षयजंतूपासून माणसासाठी बीसीजी लस तयार केली, ती याच आधारावर. लेप्रोमॅटस रुग्णाची पेशीय प्रतिकारशक्ती कुष्ठजंतूला प्रतिसाद देत नाही, म्हणून त्याची लेप्रोमिन चाचणी नकारार्थी येते. मा. ग. देव व सहकाऱ्यांनी गॅमा किरणांनी मारलेले आयसीआरसी जीवाणू टोचल्यावर अशा अनेक रुग्णांत ती होकारार्थी झाली. मृत कुष्ठजंतूंच्या लशीसाठी जंतू आर्माडिलो या प्राण्याच्या शरीरात वाढवावे लागत. आयसीआरसी जीवाणू मात्र प्रयोगशाळेतच वाढवता येत असे. उत्पादनाच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती.

तुलनात्मक चाचणी

तमिळनाडूत मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली १९९१ पासून १,७१,४०० स्वयंसेवकांवर चार लशींची तुलना करण्यात आली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आयसीआरसी लशीचे संरक्षण ६५.५ टक्के, बीसीजी व मृत कुष्ठजंतू यांच्या मिश्रणाचे ६४ टक्के, केवळ बीसीजीचे ३४.१ टक्के आणि एमडब्ल्यू लशीचे २५.७ टक्के होते. पहिल्या दोन लशी सार्वजनिक आरोग्यासाठी विचारात घेण्याजोग्या असल्याचे संशोधकांनी नमूद केले.

तोपर्यंत बहुविध औषधोपचारामुळे रुग्णसंख्या वेगाने घटू लागली होती. आयसीआरसी लशीचा राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश झाला नाही. २०१६ मध्ये कुष्ठरुग्णांच्या निकटवर्तीयांसाठी लशीचा प्रायोगिक वापर जाहीर झाला, तेव्हा निवड झाली ती या चाचणीत सर्वांत कमी संरक्षण देणाऱ्या एमडब्ल्यू लशीची.