पीडक कीटकांची वनस्पती-निवड व वर्णसंवेदन

पिकांस उपद्रव करणारा कीटक उडत असताना नेमक्या कोणत्या खुणेवरून वनस्पतीवर उतरतो, हा कीटकविज्ञानातील एक जुना प्रश्न आहे. वास, आकार व रंग या तिन्हींचा तो उपयोग करतो. परंतु रंगाचा वाटा स्वतंत्रपणे सिद्ध होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. मुंग्यांना जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारण जाणवते, हे जॉन लबक यांनी १८८२ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. मधमाश्या रंगांध असतात, हे कार्ल फोन हेस यांचे मत कार्ल फोन फ्रिश यांनी १९१४ मध्ये प्रयोगांनी खोडून काढले. पीडक कीटकांकडे मात्र तेव्हा फारसे लक्ष गेले नव्हते. काचगृहांतील पांढरी माशी पिवळ्या रंगाकडे ओढली जाते, असे लॉइड यांनी १९२१ मध्ये नमूद केले.

या विषयाला खरी दिशा मिळाली ती माव्याच्या अभ्यासाने. बटाट्याच्या विषाणुरोगांचा प्रसार करणाऱ्या पीच माव्यावर (मायझस पर्सिकी ) जर्मन कीटकवैज्ञानिक फोल्कर मोरिके यांनी संशोधन केले. पंख असलेला मावा पिवळ्या पृष्ठभागावर मोठ्या संख्येने उतरतो असे आढळल्यावर त्यांनी पाणी भरलेल्या पिवळ्या थाळीचा सापळा तयार केला (१९५१). अत्यंत साधे असलेले हे साधन माव्याच्या उड्डाणांची नोंद ठेवण्यासाठी अद्यापही वापरले जाते.

हिरव्या पानांवर जगणाऱ्या कीटकास पिवळ्याचे आकर्षण का असावे, याचे उत्तर त्याच्या नेत्ररचनेत मिळते. पीच माव्याच्या नेत्रांत जंबुपार, निळ्या व हिरव्या प्रकाशास संवेदनशील असे तीन प्रकारचे ग्राही आढळले असून तांबड्यासाठी वेगळा ग्राही आढळलेला नाही. हिरव्या ग्राहीची कमाल संवेदनक्षमता सु. ५३० नॅनोमीटर तरंगलांबीपाशी असते. पिवळा पृष्ठभाग या पट्ट्यातील प्रकाश पानापेक्षा कितीतरी अधिक परावर्तित करतो आणि निळा प्रकाश जवळजवळ शोषून घेतो. म्हणजे माव्याच्या दृष्टीने पिवळी थाळी हे जणू अतिशय हिरवे पानच होय. मानवी रंगनामे कीटकांना लावणे म्हणूनच दिशाभूल करणारे ठरते. कोवळी व पिकू लागलेली पाने पिवळसर असून त्यांच्या रसात नायट्रोजनयुक्त पदार्थ अधिक असतात, ही गोष्टही येथे महत्त्वाची आहे.

तथापि रंगावरून यजमान वनस्पती ओळखली जाते, ही समजूत जे. एस. केनेडी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या इंग्लंडमधील निरीक्षणांनी (१९५९–६१) डळमळीत झाली. मावा यजमान आणि इतर वनस्पतींवर जवळजवळ सारख्याच प्रमाणात उतरतो; सोंड खुपसून चव घेतल्यावर नको असलेली वनस्पती सोडून जातो. शेतकऱ्याच्या दृष्टीने घातक आहे ती ही चाचपणीच, कारण बटाट्याचा वाय-विषाणू पसरण्यास काही सेकंदांचा स्पर्शही पुरतो. कपाशीवरील पांढऱ्या माशीबाबत एल. ए. माउंड यांनी १९६२ मध्ये असाच दुहेरी प्रतिसाद वर्णिला : जंबुपार-निळ्या प्रकाशाचा संबंध दूर उडून जाण्याशी, तर पिवळ्याचा उतरण्याशी.

फळमाशीची रीत निराळी आहे. सफरचंदावरील फळमाशी (ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला ) पिवळ्या आयताकडे पर्णसंभार म्हणून, तर गडद तांबड्या गोलाकडे फळ म्हणून वळते, असे रोनाल्ड प्रोकोपी यांनी १९६८ मध्ये अमेरिकेतील बागांत दाखविले. तांबड्याचा ग्राही नसतानाही हा गोल प्रभावी ठरतो, कारण उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर तो काळपट व ठळक दिसतो.

शरद ऋतूतील तांबडी पाने ही माव्याला दिलेली सूचना होय, अशी उपपत्ती डब्ल्यू. डी. हॅमिल्टन व एस. पी. ब्राउन यांच्या २००१ च्या निबंधात मांडली गेली. तांबड्या पानांवर मावा कमी उतरतो हे पुढे दिसून आले. परंतु झाडांत तो रंग याच कारणासाठी विकसित झाला काय, याविषयी मतभेद आहेत.

महाराष्ट्रात कपाशी व भाजीपाल्यातील मावा, तुडतुडे आणि पांढरी माशी यांसाठी पिवळे, तर कांद्यावरील फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावतात. किडीची चाहूल घेण्यास ते उपयुक्त आहेत. केवळ त्यांच्या आधारे मोठा प्रादुर्भाव आटोक्यात येत नाही. शिवाय पिवळ्या सापळ्यांत ढालकिडे व परोपजीवी गांधीलमाश्यांसारखे मित्रकीटकही अडकतात.