देवळालीचा ताप

आमच्या वाकोल्यात दोन पोरे भांडायला लागली की त्यातला एक हटकून म्हणतो, "तुला ठाण्याला पाठवायला पाहिजे!" आता यात ठाणे शहराचा काय अपराध? 1901 साली तिथे मनोरुग्णांचे इस्पितळ निघाले, एवढाच. पुण्याकडची माणसे याच कामासाठी येरवड्याचे नाव घेतात. कुणी खुळचट बेत सांगितला तरी त्याला ठाण्याचाच रस्ता दाखवतात. पण आपल्या मुलखातल्या एका गावावर साहेबाने वेडेपणाचा शिक्का मारला आणि तो शब्द थेट विलायतेला नेला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते गाव म्हणजे नाशिकजवळची देवळाली, आणि तो इंग्रजी शब्द म्हणजे 'डूलॅली'.

इंग्लंडात आजही कुणी भलतेच काही बोलू लागला की 'हा डूलॅली झाला' असे म्हणतात. आरंभी त्याचा अर्थ होता डोके फिरलेला. वापरता वापरता धार बोथट झाली, आणि आता खुळ्या कल्पना काढणाऱ्या माणसालाही तो चालतो.

हे घडले कसे? 1860 नंतर देवळालीला गोऱ्या पलटणींचा तळ पडला. जागा मोठी हुशारीने निवडलेली होती. मुंबई शंभर-सव्वाशे मैलांवर, 1865 मध्ये थळ घाटातून आगगाडी वर आलेली, आणि हवा तर इतकी चांगली की पुढे लोक मुद्दाम प्रकृती सुधारायला तिथे येऊ लागले. विलायतेहून आलेला शिपाई मुंबई बंदरात उतरे, इथे थोडा विसावे आणि मग हिंदुस्थानभर पांगे. नोकरीची मुदत संपली म्हणजे परतीची वाटही इथूनच.

खरी गोम या परतीच्या वाटेत होती. शिपायांना नेणाऱ्या आगबोटी हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. ज्याची मुदत हंगाम उलटल्यावर भरली, तो पुढच्या हंगामापर्यंत देवळालीत अडकला. बायकापोरे, आईबाप सात समुद्रांपलीकडे. इथे ना लढाई, ना धड काम. चैत्रातले ऊन आले, मृगाचा पाऊस आला, तरी बोट काही येत नाही. आपल्याकडे औत सोडून चार महिने बसायची पाळी आली तर माणसाचे काय होईल, ते शेतकरी बंधूंना सांगायला नको. कुणी दारूच्या आहारी गेला, कुणी मारामाऱ्या केल्या, कुणी स्वतःशीच बोलत हिंडला. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका जुन्या शिपायाने 1936 साली आपल्या हिंदुस्थानातल्या नोकरीच्या आठवणी छापल्या. त्यानेही या शब्दाचे मूळ तिथल्या कंटाळ्यातच शोधले आहे. मला ते पटते. देवळालीच्या उन्हाने डोकी फिरत असती, तर देवळालीकर आधी फिरले असते!

शिपायांनी या अवस्थेला नाव दिले 'डूलॅली टॅप'. शिक्षकांनी हा शब्द वर्गात फळ्यावर लिहून दाखवावा, पोरांना मौज वाटेल. 'टॅप' म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपला ताप. म्हणजे अख्खा शब्द झाला 'देवळालीचा ताप'. घरी गेल्यावर इंग्रजाला ताप कळेना. त्याच्या भाषेत 'टॅप' म्हणजे टिचकी, टपली. तेव्हा डोक्यावर टपली बसलेला माणूस, अशी त्याने आपली समजूत करून घेतली. पुढे ते शेपूटही गळाले आणि नुसते गाव उरले. 'लूट', 'ठग' हे शब्दही असेच आपल्याकडून गेले, पण ते गेले आपापल्या अर्थासकट. देवळालीने मात्र गावाचे नाव दिले आणि बदल्यात वेडेपणा पदरात घेतला.

लंडनकरांनी स्वतःच्या शहराचेही हेच केले. तिथले बेथलेम हे वेड्यांचे इस्पितळ 1247 सालच्या एका मठातून निघालेले. त्याच्या नावाचा अपभ्रंश 'बेडलम', आणि त्याचा अर्थ आज नुसता गोंधळ. आत कोंडलेल्यांचे हाल शब्दातून केव्हाच पुसले गेले. देवळालीत बोटीची वाट बघणारा तो शिपाईही असाच पुसला गेला; उरली ती चेष्टा. ठाण्याच्या इस्पितळात ज्याच्या घरचे माणूस आहे, त्याच्या कानावर वाकोल्याच्या गल्लीतले ते वाक्य कसे पडत असेल?

देवळालीत आज तोफखान्याची शाळा आहे, आणि गावातली माणसे आपल्यासारखीच शहाणी आहेत. शब्दाने मात्र परतीचा प्रवासही केला. 2009 साली पुण्यात बिअर गाळणाऱ्या एका नव्या कंपनीने हेच नाव घेतले, आणि पुढे त्याची पाटी आमच्या वाकोल्यापासून जवळच, अंधेरीलाही लागली. पाटीवर गावाचा 'ळ' काही नाही. तो साहेबाला तेव्हाच उच्चारता आला नव्हता.