पायांखालचा इतिहास

इतिहास म्हटला की आपली नजर वर जाते. घुमट, मिनार, किल्ल्यांचे बुरूज, राजवाड्यांच्या कमानी यांची चित्रे पाठ्यपुस्तकांत असतात आणि परीक्षेत त्यांवर प्रश्नही येतात. पण ज्या जमिनीवर उभे राहून आपण हे सारे पाहतो, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. फरशी ही घरातली सर्वांत जास्त वापरली जाणारी आणि सर्वांत कमी पाहिली जाणारी वस्तू आहे. या लेखात तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले, त्याला एक घरगुती कारण घडले. ते ओघाने येईलच.

नागपूर हे शहर गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी वसवले, हे आपले विद्यार्थी जाणतात. त्या काळी सामान्य माणसाच्या घरात जमीन म्हणजे चोपून घट्ट केलेली माती आणि तिच्यावर सारवण. श्रीमंतांच्या वाड्यांत चुन्याची जमीन असे. भट्टीत भाजलेला चुनखडक पाण्यात विरवायचा, त्यात वाळू आणि विटांची पूड म्हणजे सुरखी मिसळायची, तो चुना घाणीत मळायचा आणि जमिनीवर पसरून दिवसच्या दिवस ठोकत राहायचे. हा चुना हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडकच बनतो. दगडाची पूड करून माणसाने पुन्हा दगड घडवला, असेच म्हणावे लागेल.

आपल्या मोमिनपुऱ्यातील विणकरांच्या घरांत जमिनीचा आणखी एक उपयोग होता. हातमाग जमिनीत रोवलेला असे. विणकर खड्ड्याच्या काठावर बसून पाय खड्ड्यात सोडी आणि पायांनी पावड्या चालवी. म्हणजे जमीन हाच त्याच्या कारखान्याचा अर्धा भाग होता. पुढे १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली आणि हातमागाच्या मागे स्पर्धा लागली. परंतु ज्या रेल्वेने गिरणीचे कापड आणले, तिनेच दूरदेशीचा दगडही आणला. गुलबर्ग्याजवळच्या शहाबादचा चुनखडक निसर्गतःच थरांचा असतो. छिन्नीने थर सुटे केले की सपाट फरशी तयार होते. त्यामुळे तो स्वस्त पडतो. राजस्थानातला कोटा आणि आंध्रातला काळा कडप्पा हेही चुनखडकच. मध्यमवर्गीय घराला दगडी जमीन मिळाली ती या तीन दगडांमुळे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

भाजलेल्या मातीची गोष्ट याहून जुनी आहे. मातीची लादी भट्टीतून निघाली तरी तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. म्हणूनच माठातले पाणी थंड राहते आणि म्हणूनच मातीच्या लादीवर सांडलेले तेल आत मुरते. या छिद्रांना बंद करण्याचा माणसाचा एक जुना उपाय म्हणजे काचेचा लेप. त्याचा सुंदर नमुना पाहायचा असेल तर आपल्या सीमेलगतच्या बीदर येथे जावे. तेथे बहामनी वजीर महमूद गावान याने १४७२ मध्ये मदरसा बांधला. विद्येच्या त्या घराच्या दर्शनी भिंतीवर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या चकचकीत लाद्या बसवलेल्या होत्या. १६९६ मध्ये दारूच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग पडला, तरी उरलेल्या लाद्यांचे रंग आजही ओळखू येतात. मात्र असा काचेचा लेप भिंतीला शोभतो. पायांखाली तो निसरडा होतो आणि झिजून निघतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मिंटनच्या कारखान्याने यावर युक्ती काढली. लादीवर रंग चढवण्याऐवजी रंगीत माती नक्षीच्या खाचेत भरून ती एकत्र भाजली. नक्षी वरवर न राहता लादीत खोल उतरली. त्यामुळे लादी झिजली तरी फूल पुसले जात नाही. मुंबईच्या भायखळ्यातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, जे १८७२ मध्ये खुले झाले, अशा मिंटन लाद्यांची जमीन आहे. काळाच्या ओघात ती इमारत मोडकळीस आली होती. २००३ ते २००८ या काळात तिचे जतनकार्य झाले आणि युनेस्कोनेही त्या कामाचा २००५ मध्ये गौरव केला. स्वदेशीच्या काळात, १९२२ मध्ये, मुंबईच्या सिधवा कुटुंबाने भारत टाइल्स हा कारखाना काढला आणि परदेशी लाद्यांना देशी सिमेंटच्या नक्षीदार लाद्यांनी उत्तर दिले. स्वातंत्र्याची चळवळ आपल्या पायांखालपर्यंत पोहोचली होती, ती अशी.

आता घरगुती कारणाकडे वळतो. माझे दादाजान विणकर होते. माग बंद झाल्यावर त्यांनी मागाचा खड्डा बुजवला आणि पुढल्या खोलीत शहाबादी फरशी घातली. मागील अंगणात भाजलेल्या मातीच्या चौकोनी लाद्या बसवल्या. खड्ड्याच्या जागेवरची फरशी पुढे किंचित खचली. लहानपणी आम्ही भावंडे तेथे गोट्या खेळत असू, कारण गोटी आपोआप त्या खळग्यात येऊन थांबे. ती खळगी म्हणजे आमच्या घराण्याच्या व्यवसायाची शेवटची खूण आहे, हे कळायला मला इतिहासाचा शिक्षक व्हावे लागले.

गेल्या काही वर्षांपूर्वी बहिणीचे लग्न ठरले. फरशी काळवंडली होती, सांधे उखडले होते. अब्बांना वाटले की पाहुणे काय म्हणतील. ठेकेदाराने सांगितले, "सगळे काढून टाका, चकचकीत टाइल्स बसवू." मी शाळेतून येईपर्यंत मागील खोलीतली जमीन उखडली गेली होती. दादाजानच्या हाताने बसवलेले दगड दारासमोर तुकडे होऊन पडले होते. अब्बा बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "पुढची खोली राहू दे." लग्न त्या जुन्या फरशीवरच झाले. कोणत्याही पाहुण्याने काही म्हटले नाही.

परंतु जुने राखायचे म्हणजे नुसते ठेवायचे नव्हे, त्याची निगाही राखायची. या कामी मी स्वतः एक मोठी चूक केलेली आहे. पूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे स्नेहसंमेलनाआधी सभागृहाची शहाबादी फरशी लख्ख करावी म्हणून बाजारातले ॲसिड आणले गेले. त्याला होकार देणाऱ्यांत मीही होतो. ओतताच फेस आला. आम्हाला वाटले की मळ निघतो आहे. प्रत्यक्षात मळ नव्हे, फरशीच निघत होती. चुनखडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर ॲसिड पडले की तो विरघळतो आणि कार्बन डाय-ऑक्साइडचे बुडबुडे निघतात. नववीच्या पुस्तकातले हे समीकरण आमच्या डोळ्यांसमोर घडत होते आणि आम्ही शिक्षक टाळ्या वाजवत होतो! दुसऱ्या दिवशी फरशी पांढुरकी व खरखरीत झाली आणि पूर्वीपेक्षा लवकर मळू लागली.

मग योग्य रीत कोणती? थोर वास्तूंच्या जतनातून ती शिकता येते. आग्र्याच्या ताजमहालाचा संगमरवर पिवळा पडू लागला, तेव्हा पुरातत्त्व खात्याने १९९४ पासून वेळोवेळी मुलतानी मातीचा लेप वापरला. लेप दगडावर जाड थापायचा, सुकताना तो मळ आपल्याकडे ओढून घेतो, मग स्वच्छ पाण्याने धुवायचा. घरच्या फरशीवरील तेलाच्या डागालाही हाच उपाय चालतो. एकदा न जमल्यास दोन-तीनदा करावा.

लेप लावून जपण्याविषयीचा दुसरा धडा आपल्याच अजिंठ्याने दिला आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून सेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटत चाललेली चित्रे पक्की केली, त्यांवर लाखेचे व्हार्निशही दिले. हेतू चांगला होता. पण पुढे ते व्हार्निश पिवळे पडले, त्यावर धूळ बसून चित्रे काळवंडली आणि नंतरच्या तज्ज्ञांना तोच लेप मोठ्या कष्टाने काढत बसावे लागले. ज्याला श्वास घेऊ देत नाही आणि जे पुढे काढता येत नाही, असे संरक्षण शेवटी ओझे होते.

घरच्या फरशीलाही हा नियम लागू आहे. जमिनीतला ओलावा दगडातून व मातीतून वर येत असतो आणि आपल्याबरोबर क्षार आणतो. वरून जाड रोगण फासून वाट बंद केली, तर क्षार आतच साठतात, त्यांचे खडे बनतात आणि फरशीचा पापुद्रा सुटतो. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाहावा. बुडबुडे आले तर दगड चुनखडकाचा आहे आणि त्याला कोणतेही आम्ल वर्ज्य. मग साध्या साबणाने व मऊ ब्रशाने धुवावे. उखडलेले सांधे शक्यतो चुन्याने भरावेत. कडक सिमेंट मऊ दगडाच्या कडा फोडते. दगड फारच झिजला असेल तर पॉलिशवाल्याकडून आधी जाड्या व मग क्रमाने बारीक घासदगडाने पाणी घालून घासून घ्यावा. मातीच्या लादीला मात्र यंत्र लावू नये.

त्यानंतर जमीन अनेक दिवस पूर्ण सुकू द्यावी. आपल्या नागपूरचा उन्हाळा या कामाला फार उपयोगी! सुकल्यावर पाण्याचा थेंब टाकावा. तो लगेच मुरला, तर लेपाची गरज आहे असे समजावे. आत मुरणारे, पृष्ठभागावर पापुद्रा न धरणारे सिलेन-सिलॉक्सेन जातीचे द्रव्य आज बाजारात मिळते. ते आधी कोपऱ्यात लावून पाहावे आणि जास्तीचे पुसून घ्यावे. मातीच्या लादीला जवसाचे तेल व त्यावर मेण ही जुनी रीतही चांगली आहे. फक्त तेलाचे बोळे ढीग करून ठेवू नयेत, ते आपोआप पेट घेतात. पसरून वाळवावेत.

आमच्या पुढल्या खोलीत आम्ही हे सर्व केले. खर्च नव्या टाइल्सपेक्षा कमी आला. कष्ट मात्र घरच्या सर्वांना पडले. मुलांनी ब्रश हाती घेतले. त्या खळग्यातली फरशी उचलून सारखी करावी काय, असे कारागिराने विचारले. अब्बा म्हणाले, "नको, तेथे माझे वडील बसत."

पालक बंधु-भगिनींनो, आपल्या वस्तीत अशा जमिनी अजून पुष्कळ आहेत. घरांत आहेत, शाळांत आहेत, मशिदींच्या हौदाकाठी आहेत, जेथे वुजू करणाऱ्यांच्या पावलांनी दगड गुळगुळीत झाला आहे. आपल्या पूर्वजांनी मागे कागदपत्रे फारशी ठेवली नाहीत. बखरी आणि सनदा राजांच्या असतात, विणकराच्या नसतात. विणकराची सनद म्हणजे त्याने घातलेली जमीन. ती फोडण्यापूर्वी एकदा खाली वाकून पाहावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरातली फरशी कोणत्या दगडाची आहे, ती कोणी व केव्हा घातली, हे आज घरी जाऊन वडीलधाऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. इतिहासाचा तुमचा पहिला निबंध तोच असेल.