न्येरेरे, जूलियस कंबारागे
(१३ एप्रिल १९२२ – १४ ऑक्टोबर १९९९). टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष आणि शिक्षणविषयक विचारवंत. जन्म व्हिक्टोरिया सरोवराजवळील बुटिआमा येथे. युगांडातील मकेरेरे येथे अध्यापनाचे शिक्षण घेऊन ते टबोरा येथे शिक्षक झाले. १९५२ मध्ये एडिंबरो विद्यापीठाची एम्.ए. पदवी मिळवून परतल्यावर त्यांनी पुगू येथे अध्यापन केले. १९५५ मध्ये राजकारणासाठी नोकरी सोडली, तरी ‘म्वालिमू’ (शिक्षक) हे संबोधन त्यांना कायमचे चिकटले.

१९६७ मधील ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ या निबंधात त्यांचे तत्त्वज्ञान सर्वांत स्पष्टपणे येते. वसाहतकालीन शाळा मूठभरांना कारकुनीसाठी घडवते आणि मुलांना गावापासून तोडते, असे त्यांचे निदान होते. बहुतेक मुले प्राथमिक शाळेपुढे जाणार नाहीत, म्हणून ते शिक्षण स्वयंपूर्ण असावे आणि शाळेला शेतीची जोड असावी, असा त्यांचा आग्रह होता.

शाळेबाहेरच्या प्रौढांचा विचार त्यांनी तितक्याच कळकळीने केला, हे त्यांचे मोठेपण. १९७० हे प्रौढ शिक्षण वर्ष जाहीर झाले. १९७३ च्या ‘म्तू नी आफ्या’ या आरोग्य मोहिमेत गावोगावचे सुमारे २० लाख लोक गट करून रेडिओ ऐकत, पुस्तिका वाचत, चर्चा करत आणि मग शौचकूप खणायला लागत. पुढे सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणासाठी हजारो शिक्षक पत्रद्वारा व रेडिओ पाठांतून तयार करण्यात आले. घाईमुळे दर्जा मात्र घसरला. सक्तीने वसवलेली ‘उजामा’ (सामूहिक जीवन व शेतीची) गावे ही त्यांच्या कारकिर्दीची काळी बाजू होय.

१९८५ मध्ये ते पदावरून दूर झाले. १९९५ चा पहिला गांधी शांतता पुरस्कार त्यांना मिळाला. शेक्सपिअरच्या दोन नाटकांचे त्यांनी स्वाहिलीत भाषांतर केले. लंडन येथे त्यांचे निधन झाले.