मिशीएवढ्या स्फटिकाची ताकद

मागच्या व्याख्यानात आपण एका न जुळणाऱ्या हिशेबापाशी थांबलो होतो. १९२६ मध्ये याकोव्ह फ्रेंकेल यांनी गणित मांडलं: स्फटिकातला अणूंचा एक अख्खा थर दुसऱ्यावरून सरकवायला किती जोर लागेल? उत्तर आलं ते प्रत्यक्ष मोजमापाच्या हजारोपट! मग चूक कुठे, गणितात की धातूत? १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी यांनी स्वतंत्रपणे सांगितलं, की धातूत. अणूंच्या रांगांमध्ये दोष असतात. थर एकदम सरकत नाही, दोष पुढे सरकतो. सतरंजी ओढायला जड, पण तिची सुरकुती ढकलायला सोपी, तसंच हे.

हे पटतं. पण ताडून बघायचं तर जवळजवळ निर्दोष धातू हवा. तो आणायचा कुठून?

तो मिळाला टेलिफोनच्या बिघाडातून. १९४० च्या दशकात अमेरिकेत बेल कंपनीच्या उपकरणांत शॉर्ट सर्किट होऊ लागलं. शोध घेतला, तर कॅडमियमच्या मुलाम्यावर केसाहून बारीक तंतू उगवलेले. कथिलाच्या मुलाम्यावरही तेच. दिसायला मांजरीच्या मिशा. प्रत्येक तंतू म्हणजे एक अखंड स्फटिक.

१९५२ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या हेरिंग आणि गॉल्ट यांनी कथिलाची अशी मिशी वाकवली. तिचा पृष्ठभाग दोन-तीन टक्के ताणला गेला, तरी सोडल्यावर ती पुन्हा सरळ! आपल्या कल्हईतलं कथिल असं कधीच वागणार नाही. १९५६ मध्ये ब्रेनर यांनी लोखंडाची मिशी ताणली. दर चौरस मिलिमीटरला सुमारे १,३०० किलो भार तिनं पेलला. आपल्या घराच्या स्लॅबमधली ५०० ग्रेडची सळई साधारण ५० किलोपुढे कायमची लांबायला लागते. म्हणजे फ्रेंकेल यांचं गणित अगदीच हवेतलं नव्हतं.

पुढचा प्रश्न होता हाताचा. मिशी निदान मायक्रॉनभर जाड होती. नॅनोतार पकडायची कशी? १९९७ मध्ये वाँग, शीहान आणि लीबर यांनी सिलिकॉन कार्बाइडच्या सुमारे वीस-तीस नॅनोमीटर जाड कांडीचं एक टोक पृष्ठभागाला जखडलं आणि अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या टोकानं ती बाजूला ढकलली. ढकलायला किती जोर लागला, त्यावरून तिचा ताठपणा मोजला.

तेव्हा पदार्थाच्या ताकदीचा आकडा वाचताना आपण आधी विचारायचं: हा आकडा पदार्थाचा, की त्यातल्या दोषांचा? बेलच्या अभियंत्यांना ती मिशी नकोशी होती. आपल्याला हा फरक तिनंच दाखवला.