बटणाला जागा कोण देतं?

संगणकाच्या इतिहासात प्रोसेसर, माउस, इंटरनेट यांच्या कथा पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात. खिडकीतलं बटण कुठे ठेवायचं, या प्रश्नाचा इतिहास फारसा कुणी सांगत नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण मराठीसारख्या भाषांना पडद्यावर मिळणारी जागा त्यावर ठरत आली आहे.

सुरुवातीची पद्धत सरळ होती: डावीकडून इतकं, वरून इतकं, रुंदी इतकी, उंची इतकी. १९९१ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिकमध्ये माउसने बटण फॉर्मवर ओढलं की हे चार आकडे आपोआप नोंदले जात. मोजमाप 'ट्विप'मध्ये, एका इंचात १४४० ट्विप. काम झटपट होई. पण ते आकडे प्रोग्रामरच्या पडद्यावर, त्याच्या फाँटमध्ये आणि बहुधा इंग्रजीत जुळवलेले असत. 'ओके'च्या मापाने बेतलेल्या चौकोनात 'ठीक आहे' बसेलच असं नाही; शिवाय वेलांटी आणि उकारांना वर-खाली जागा लागते ती वेगळीच.

दुसरी वाट छपाईकडून आली. डोनाल्ड कनूथ यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली रचली. तिच्यात प्रत्येक अक्षर म्हणजे एक पेटी, आणि पेट्यांच्या मधे ताणता-आवळता येणारी मोकळी जागा, म्हणजे 'ग्लू'. पुढे स्टॅनफर्डमध्ये मार्क लिंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'इंटरव्ह्यूज' या सी++ संचात हीच कल्पना खिडक्यांना लावली. बर्कलीत जॉन ऑस्टरहाउट यांनी 'टीके'साठी 'पॅकर' केला: बटणाला आकडे द्यायचे नाहीत, उरलेल्या जागेच्या कोणत्या कडेला लागायचं एवढंच सांगायचं.

जावासमोर तर पर्यायच नव्हता. १९९६च्या पहिल्या आवृत्तीत बटणं त्या त्या यंत्रणेची असत. एकच प्रोग्राम विंडोज आणि सोलारिसवर चालवला की बटणाचं माप बदले. म्हणून मांडणीचं काम 'लेआउट मॅनेजर' नावाच्या वेगळ्या वस्तूकडे गेलं. तो आधी प्रत्येक बटणाला विचारतो, तुला किती जागा हवी? मग जागा वाटतो. फ्लो-लेआउट ओळीतल्या शब्दांसारखी बटणं लावतो आणि जागा संपली की पुढच्या ओळीत जातो. बॉर्डर-लेआउट चार कडा आणि एक मध्य एवढंच ओळखतो. ग्रिडबॅगमध्ये तर एका बटणासाठी अकरा गोष्टी ठरवता येतात. त्याला वैतागून पुन्हा चार आकड्यांकडे वळणारे काही कमी नव्हते, आणि त्यांचा वैताग खोटा नव्हता.

या पद्धतीतही गृहीतकं होतीच. बॉर्डर-लेआउटच्या बाजू 'पूर्व' आणि 'पश्चिम' होत्या. अरबी किंवा हिब्रू उजवीकडून सुरू होते, तिथे 'पश्चिम' म्हणजे ओळीचा शेवट. पुढच्या आवृत्त्यांत 'ओळीची सुरुवात' आणि 'ओळीचा शेवट' असे पर्याय द्यावे लागले.

मला या इतिहासात तंत्राइतकाच क्रमही मोलाचा वाटतो. आकड्यांच्या पद्धतीत चौकोन आधी आणि शब्द नंतर. 'रद्द करा' मावलं नाही तर अनुवादकाने छोटा शब्द शोधायचा. लेआउट मॅनेजरमध्ये शब्द आधी येतो आणि त्याच्या मापाने चौकोन बनतो. मराठी अनुवाद करणाऱ्याला मग शब्द निवडताना अर्थ पाहता येतो, पिक्सेल मोजावे लागत नाहीत.