पन्हाळ्याची दुर्गरचना व स्मृतिभ्रंश झालेल्यांचा निवास

पन्हाळगडावरील वास्तूंचें वर्णन वाचकांस परिचित आहेच. त्या वास्तु आंत शिरणाऱ्याच्या बुद्धीवर काय परिणाम करतात, एवढाच प्रश्न आम्हीं येथें घेतला आहे; कारण स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचा निवास कसा असावा, याचें उत्तर त्यांत उलट बाजूनें सांपडतें.

तीन दरवाजांत एक दार ओलांडलें कीं बंदिस्त चौक लागतो व पुढें पुन्हा दार. अंधारबाव बाहेरून साधी इमारत दिसते. आंत मात्र तीन मजले, तळाशीं विहीर आणि तटाबाहेर निघणारी चोरवाट. परक्यास वाट कळूं नये, हें दुर्गरचनेचें तत्त्व. तोच तट आंतल्यांसही अडवितो. १७१४ सालीं ताराबाई व त्यांचे पुत्र शिवाजी यांस याच गडावर कैदेंत राहावें लागलें.

स्मृतिभ्रंश हा शब्द आपल्याकडे जुना आहे. धी, धृति व स्मृति यांच्या भ्रंशाचा विचार चरकसंहितेच्या शारीरस्थानांत येतो. जर्मन वैद्य आल्झायमर यांनीं १९०६ सालीं एका रुग्णस्त्रीची हकीकत मांडली, तेव्हांपासून या विकाराच्या मुख्य प्रकाराचा आधुनिक अभ्यास सुरू झाला. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीनें भारतांत साठीपुढील सुमारें ८८ लाख लोकांस हा विकार असल्याचा अंदाज दिला. यांत बहुधा अलीकडचें आधीं जातें, जुनें मागून. पोथीचीं अखेरचीं पानें कसरीनें खावीं व आरंभींचीं शाबूत राहावीं, तसें. अशा मनुष्यास एकसारख्या दारांची लांब ओळ म्हणजे तीन दरवाजाच होय. चकचकीत फरशी त्यास पाणी भासते, काळें जाजम खड्डा भासतें.

याउलट जुन्या चौसोपी वाड्यांत पडवीनें चालत गेलेला मनुष्य पुन्हा मूळ जागींच येतो. तुळशीवृंदावन व देवघर त्यास ओळखूं येतें. हॉलंडांतील वेस्प येथें २००९ सालीं उघडलेल्या होगेवेक वस्तींतही घरें चौकांभोंवतीं असून रहिवाशांस आंत मोकळें फिरतां येतें. मात्र वाड्याचा उंच उंबरठा, अंधारा जिना व उघडी विहीर यांचा बंदोबस्त केलाच पाहिजे, आणि मोरीची वाट रात्रींही उजेडांत असली पाहिजे.

तथापि केवळ भिंतींनीं भागत नाहीं. १८७१ सालीं कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज यांस वेडे ठरवून पुढें अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेवण्यांत आलें. तेथें २५ डिसेंबर १८८३ रोजीं ग्रीन नांवाच्या गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत त्यांचा अंत झाला. त्यांच्या छळाविषयीं लिहिल्यावरून टिळक व आगरकर यांस १८८२ सालीं तुरुंगवास घडला होता. महाराजांचा विकार स्मृतिभ्रंश होता असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु आपलीं माणसें, आपली भाषा व आपलें ठिकाण तोडून शुश्रूषकाच्या जागीं पहारेकरी नेमला म्हणजे काय होतें, तें या प्रकरणावरून कळतें.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं जुनीं दप्तरें आहेत. घरांतील वृद्ध तोच रुमाल पुनः पुनः सोडीत व बांधीत असतील, तर तो उचलून कुलपांत ठेवूं नये. अस्सल कागद काढून त्यांत नकला घालाव्या, व रुमाल त्यांच्याच हातीं राहूं द्यावा.